हात स्थिर ठेवणारी पावले : ड्रमलाइनच्या चालण्यामागचे विज्ञान

अमेरिकेतील शाळांच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर, टेनर आणि बेस ड्रम वाजवत चालणाऱ्या मुलांच्या गटाला ड्रमलाइन म्हणतात. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच काठ्यांवर खिळते. माझ्या मते मात्र या कलेतला खरा अवघड भाग कमरेच्या खाली आहे, कारण शरीर सतत हलत असताना हातांना त्याची जाणीवही होऊ न देण्याचे काम पावलांना करावे लागते.

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर पांढरी रेघ असते. दोन रेघांमधले अंतर ८ पावलांत कापायचे, हा या बँडचा नेहमीचा हिशेब आहे. त्यानुसार एक पाऊल २२.५ इंचांचे, म्हणजे सुमारे ५७ सेंटीमीटरचे होते. लय मिनिटाला १६० ठोक्यांची असेल आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडत असेल, तर १०० यार्डांचे मैदान बरोबर एका मिनिटात पार होते. हा वेग भरभर चालणाऱ्या माणसाचाच आहे, पण पाऊल आखूड असते. चालताना टेकलेल्या पायावरून आपले धड उलट्या लंबकासारखे वर चढते आणि पुन्हा खाली येते. पाय ताठ आहे असे धरून ढोबळ हिशेब केला, तर ही उसळी पावलाच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणून ७५ सेंटीमीटरच्या लांब पावलापेक्षा ५७ सेंटीमीटरच्या पावलात ती जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते.

उरलेला धक्का टाचेपाशी जिरवायचा असतो. पुढे चालताना पायाची बोटे वर उचलून टाच अलगद टेकवतात आणि तिथून चवड्यापर्यंत तळवा हळूहळू जमिनीवर उतरवतात. धक्का अधिक वेळात पसरला की त्याचा जोर कमी होतो. नवशिक्यांच्या नडग्या पहिल्या काही दिवसांत भरून येतात, त्याचे कारण हेच: तळवा सावकाश उतरवण्याचा भार नडगीच्या पुढच्या स्नायूवर पडतो. टाच आपटली, तर तो हादरा खांद्यावरच्या ताठ कॅरिअरमधून, म्हणजे ड्रम अंगाशी जखडून ठेवणाऱ्या चौकटीतून, थेट ड्रमपर्यंत आणि हातांपर्यंत पोहोचतो, आणि जिथे हळुवार वाजवायचे तिथे नको असलेला ठोका उमटतो. आपल्याकडच्या शाळांच्या बँडमध्ये साइड ड्रम अनेकदा पट्ट्याने लटकवलेला असतो, त्यामुळे तो चालताना झुलतो. कॅरिअरवरचा ड्रम झुलत नाही, पण शरीराची प्रत्येक चूक तो प्रामाणिकपणे पुढे पोहोचवतो.

आडवे सरकणे हा सर्वांत मजेदार भाग आहे. तुतारीवाला कमरेतून वळून वाद्य प्रेक्षकांकडे ठेवू शकतो. ड्रम छातीशी जखडलेला असल्यामुळे ड्रमवाल्याला ती मुभा नाही. तो वळला तर ड्रमही वळतो आणि शेजाऱ्याच्या ड्रमला लागतो. म्हणून स्नेअर आणि टेनरवाले समोर तोंड ठेवून खेकड्यासारखे चालतात. उजवीकडे जाताना डावा पाय उजव्याच्या पुढून आडवा जातो, मग उजवा पाय मोकळा होऊन बाजूला पडतो, आणि हे सारे टाचा उचलून चवड्यांवर तोलूनच करायचे असते. पाय ओलांडून टाकलेले पाऊल सहज आखूड पडते आणि मोकळे पाऊल लांब पडते. दोन्ही समान ठेवण्यासाठी मांड्या आणि कंबर यांना बरीच मेहनत पडते. त्याच वेळी बेस ड्रमवाले बहुधा काटकोनात वळलेले असतात, कारण त्यांच्या ड्रमची चामडी डाव्या-उजव्या बाजूंना असते आणि त्यांतली एक प्रेक्षकांकडे यावी लागते. म्हणजे एकच रांग एकाच दिशेला सरकत असताना काहीजण खेकडाचालीने जातात आणि काहीजण सरळ पुढे किंवा मागे चालतात, तरी सर्वांचे पाऊल तेवढ्याच लांबीचे हवे.

पाऊल इतके काटेकोर कशासाठी, याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ३० मीटर अंतरावरचा ठोका सुमारे ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो. १६० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा भागही जवळपास तेवढाच असतो. मागे उभ्या असलेल्या ड्रमलाइनने पुढच्या वाद्यांचे ऐकून वाजवले, तर प्रेक्षकांपर्यंत तिचा आवाज दुप्पट उशिराने पोहोचेल. याउलट पुढच्यांनी मागून येणाऱ्या ड्रमच्या आवाजाबरोबर वाजवले, तर दोन्ही आवाज प्रेक्षकांपर्यंत एकत्र जातात. म्हणून पुढचे वादक मागचे ऐकतात, आणि ड्रमलाइन मात्र ड्रम मेजरचे, म्हणजे समोर उभे राहून हातवाऱ्यांनी बँडला लय दाखवणाऱ्याचे, हात पाहते, कारण प्रकाशाला उशीर होत नाही. डोळ्यांनी पकडलेली ती लय दोन हातवाऱ्यांच्या मधल्या वेळात पावलेच धरून ठेवतात. एका जागी उभे राहून सराव करतानाही मुले पाय उचलत ताल धरतात, ते यासाठीच.

याची परीक्षा सोपी आहे. रांगेने एकसारखे ठोके वाजवत ८ पावले पुढे, ८ आडवी आणि ८ मागे जायचे, आणि शिक्षकाने पाठ फिरवून फक्त ऐकायचे. रांगेने दिशा कधी बदलली हे त्याला नुसत्या आवाजावरून ओळखता आले, तर पुन्हा पहिल्या रेघेवर जायचे.