198 च्या पलीकडची माणसे

नोव्हेंबर उजाडला की आमच्या वाशीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला, तेव्हापासून बँकेत जाऊन सही करण्याची सक्ती उरली नाही, पण यंत्रावर अंगठा उमटवून, नाहीतर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. सत्तरी-ऐंशीतले झिजलेले अंगठे सहजी उमटत नाहीत. तिथे लॅपटॉप घेऊन बसणारे काका टेलिफोनवाले. ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले, पुढे जेटीओ (ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर) झाले. त्यांच्या या फुकटच्या उद्योगाचे मूळ समजायला थोडे मागे जावे लागते.

सिडकोची स्थापना 1970 ची, खाडीवरचा पहिला पूल 1973 चा. शहर उभे राहू लागले तेव्हा घरात फोन असणे ही मिरवायची गोष्ट होती. 1991 मध्येही अख्ख्या देशात जेमतेम 50 लाख जोडण्या होत्या. 1 एप्रिल 1986 रोजी एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी सुरू झाली आणि मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबईही त्यात आली. म्हणून आपला कोड 022, आणि पलीकडच्या डोंबिवलीचा मात्र 0251. ठाण्याचे नंबर 25 ने, वाशीचे 27 ने सुरू होतात, हे जुन्या मंडळींना अजून पाठ असते.

त्या पिढीच्या इंजिनिअरने एकाच नोकरीत टेलिफोन एक्स्चेंजचे तीन जमाने पाहिले. आधी स्ट्रोजर: नंबर फिरवला की खटखट आवाज करत एकेक सिलेक्टर सरकायचा आणि कॉल कुठवर पोचला ते डोळ्यांनी दिसायचे. मग क्रॉसबार, ज्याने भारतातल्या गर्दीपुढे हात टेकले होते. ऐंशीच्या दशकात फ्रेंच बनावटीचे ई-10बी हे डिजिटल एक्स्चेंज आले, आणि 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेची देशी यंत्रणाही. काका म्हणतात, “स्ट्रोजरला कान लावला की कळायचं. डिजिटलला कान कुठे लावणार?”

फोन बंद पडला की तक्रारीचा नंबर 198. मग शोध सुरू: एक्स्चेंजमधला एमडीएफ (सगळ्या तारा जोडलेली मुख्य चौकट), रस्त्यावरचा पिलर (केबलची पेटी), इमारतीवरची डीपी (तारा वाटणारी छोटी पेटी), शेवटी घरातला डबा. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरे आणि अख्खी गल्ली मुकी होई. गंमत अशी, की वीज गेली तरी फोन चालायचा, कारण तारेतून येणारे 48 व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून यायचे. तरीही लोक लाइनमनच्या नावाने बोटे मोडत. ती बोलणी पहिल्यांदा खाणारा माणूस म्हणजे हाच इंजिनिअर.

मोबाइल आल्यावर घरचे फोन परत करण्याची रीघ लागली. ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली आणि 31 जानेवारी 2020 या एका दिवशी एमटीएनएलचे 14 हजारांवर कर्मचारी घरी गेले. बीएसएनएलचे 78 हजारांवर. (‘स्वेच्छा’ किती आणि नाइलाज किती, हा वाद कट्ट्यावर अजून रंगतो.) त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच लॉकडाऊन लागला.

हातात भरपूर वेळ, आणि इमारतीत एकटी राहणारी म्हातारी माणसे, ज्यांची मुले पुण्यात नाहीतर परदेशात. व्हिडिओ कॉल लावून द्या, औषधे मागवून द्या. पुढच्या वर्षी लसीची नोंदणी. काकांना यातले काही शिकवावे लागले नाही. कुणी “मोबाइल बिघडलाय” म्हटले की ते जुन्याच क्रमाने निघतात: रिचार्ज आहे का, सिम नीट बसलंय का, सेटिंगला कुणी हात लावला का. आणि ओटीपी विचारणारा फोन आला तर आधी ठेवून द्या, मग मला लावा, हे प्रत्येकाला चारदा सांगून झालेले.

त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. नाव, तक्रार, वेळ, काय केले असे रकाने. शेवटचा रकाना ‘परत विचारले’. दुसऱ्या दिवशी फोन करून खात्री केल्याशिवाय तिथे टिक पडत नाही.