काऊचं शेणाचं, चिऊचं मेणाचं: बडबडगीत आणि निसर्गाचं पुस्तक

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात लहान मुलांचा गठ्ठा चाळायला घेतला की दोन पुस्तकं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. दोन्हींवर फुलपाखरू, जाड पानं, मोठा टाइप, ओळीच्या शेवटी यमक. त्यातलं एक बडबडगीतांचं असतं, दुसरं यमकातून निसर्ग सांगणारं. आपण दोन्ही एकच समजून घेतो. फरक कळतो तो घरी नात मांडीवर बसून "आजी, खरंच?" असं विचारायला लागली की.

बडबडगीतात काय घडणार हे यमक ठरवतं. निसर्गाच्या पुस्तकात काय घडतं ते आधीच ठरलेलं असतं, यमकाला त्याच्या मागून वाट काढावी लागते.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. का? तर शेण आणि मेण जुळतं म्हणून. खरा कावळा काटक्या रचतो, शहरात तारांचे तुकडेसुद्धा उचलून नेतो. चिमणी वाळकं गवत आणि पिसं भिंतीतल्या भोकात कोंबते. पण म्हणून ती गोष्ट टाकायची? मुळीच नाही. आमच्या घरी तीन पिढ्यांचे घास या दोन शब्दांच्या ठेक्यावर भरवले गेलेत. मुलाच्या कानाला नाद लागतो, मग पुढचा शब्द तेच आधी म्हणून टाकतं. बडबडगीताचं काम तेच आणि ते फार मोलाचं आहे. दोन वर्षांच्या मुलाला मेणाच्या घराची दुरुस्ती सांगत बसू नये.

मला राग येतो तो आत बडबडगीत आणि वर 'निसर्गाची ओळख' असं छापलेल्या पुस्तकाचा. तिथे मूल प्रत्येक ओळ खरी धरतं. 'कोकिळा गाते' हे यमकात छान बसतं, पण कुहू कुहू करतो तो नर, काळा कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली. चित्रातल्या 'चिऊताई'च्या गळ्याखाली काळा डाग असेल तर तो चिमणा आहे, चिमणीला तो डाग नसतो. अनुवादित पुस्तकांत आणखी एक गोची होते: पानं ऑक्टोबरात झडतात. आमच्या वेताळ टेकडीवर झाडं उघडी पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी.

विकत घेण्याआधी मी एक करून बघते. प्राण्याचं नाव बदलून ओळ वाचते.

सुरवंट सुरवंट गोल गोल,
पोटात त्याच्या वाजे ढोल.

इथे सुरवंटाच्या जागी अस्वल घाला, काही बिघडत नाही. हे बडबडगीत. आता हे बघा:

पानावरती पडलंय काय? चिमणीची का शीट?
हलतंय ते हळूहळू, बघ ना जरा नीट!

इथे अस्वल घालताच येत नाही. लिंबू फुलपाखराची लहान अळी खरोखरच पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरी. पक्षी फसतात, तिला खात नाहीत. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते. म्हणजे दुसऱ्या ओळीनंतर पान उलटायलाच हवं, आणि पुढच्या पानावर चित्रकाराने पान कढीपत्त्याचं किंवा लिंबाचंच काढायला हवं. कुठलंही हिरवं पान चालणार नाही, कारण ही अळी याच कुळातल्या झाडांवर वाढते. मी चित्राबाबत शब्दांइतकीच हट्टी आहे. ज्याला अजून वाचता येत नाही तो चित्रच वाचतो.

अंडं, अळी, कोश, फुलपाखरू हा क्रम अशा कवितेत दर कडव्याला परत येतो, आणि तो उलटासुलटा करता येत नाही. म्हणून तो न शिकवता पाठ होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे पुरतं. पंखांवरच्या खवल्यांचं नंतर बघू.

कोथरूडच्या आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. जुलैत नातीने तिथे ओरडून बोलावलं, "आजी, शीट हलतेय!" काडीने हळूच स्पर्श केला तर अळीने मानेमागून दोन तांबूस शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास आला. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. नात धावत आत गेली, पुस्तक आणलं, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर खडूने दोन लाल शिंगं काढली.