नर्स की आजारी नर्स? स्वीडिशमधले जोडशब्द आणि सुटे शब्द

स्वीडिशमध्ये ‘शूक’ म्हणजे आजारी आणि ‘शोतेश्का’ म्हणजे शुश्रूषा करणारी बाई. दोन्ही जोडून ‘शूकशोतेश्का’ लिहिलं की झाली दवाखान्यातली नर्स. मध्ये जागा सोडली तर मात्र नर्सच आजारी पडते. (हा ‘श’ आपला नव्हे. घशातून फुंकर मारल्यासारखा तो उच्चार देवनागरीत नीट बसत नाही.)

कागदावर फरक एका रिकाम्या जागेचा; बोलताना ती जागा ऐकू येत नाही, जोर ऐकू येतो. ‘शूक शोतेश्का’ असे सुटे शब्द असले तर ‘शो’वर पूर्ण जोर पडतो. जोडशब्दात मुख्य जोर ‘शूक’वर जातो आणि ‘शो’ला दुय्यम जोर मिळतो. स्टॉकहोमकडच्या बोलीत या दोन्ही ठिकाणी सूर वर चढतो, म्हणून एका शब्दाला दोन शिखरं. आपल्याला सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं म्हणायची सवय, त्यामुळे आपल्या तोंडची नर्स निम्म्या वेळा आजारीच निघते.

‘रोकफ्रित’ ही पाटी तर प्रसिद्धच: जोडून लिहिली तर धूम्रपानाला बंदी, तोडली तर ‘खुशाल ओढा’. अशा तोडलेल्या पाट्यांची स्वीडिश लोक मनसोक्त टिंगल करतात.

शब्द लांबला की जोर सरकतो. ‘यॅर्न’ लोखंड, ‘व्हेग’ वाट; ‘यॅर्नव्हेग’ म्हणजे थेट आपला लोहमार्ग. मुख्य जोर ‘यॅर्न’वर, दुय्यम ‘व्हेग’वर. पुढे स्टेशन जोडा: ‘यॅर्नव्हेग्सस्ताशून’. आता दुय्यम जोर शेवटच्या ‘शून’नं पळवला आणि ‘व्हेग’ बिचारा मधल्या मध्ये चेपला गेला. शब्द कितीही लांब असो, जोर पहिल्या आणि शेवटच्या घटकाला. मधल्यांनी गप्प बसायचं.

पण सांधा नेमका कुठे? इथे खरी गंमत आहे. नऊ अक्षरांचं एकच स्पेलिंग ‘बील-द्रुल्ले’ असं तोडलं तर बेफाम गाडी हाकणारा, ‘बिल्द-रुल्ले’ असं तोडलं तर चित्रांची गुंडाळी. सांधा सरकला की पहिला स्वर दीर्घाचा ऱ्हस्व होतो. देवनागरीत लिहिलं की हे लगेच दिसतं, स्वीडिश लिपी मात्र लपवते.

तसंच ‘ग्लास’ म्हणजे काच आणि ‘ग्लस’ म्हणजे आइस्क्रीम. दुसऱ्यात शेवटी ‘स’ दोनदा लिहितात. दोन्हींना ‘स्कोल’, म्हणजे वाडगा, जोडला की स्पेलिंग तंतोतंत एकच येतं, कारण एकच व्यंजन सलग तीनदा लिहायचं नाही असा नियम आहे. काचेचा वाडगा की आइस्क्रीमचा, ते बोलल्यावरच कळतं.

ओळ संपताना शब्द तोडायची वेळ आली, तर तोही शक्यतो सांध्यावरच तोडतात. ‘तुग्ग’ म्हणजे चघळणं आणि ‘गुम्मी’ म्हणजे रबर, मिळून च्युइंगम. या जोडशब्दात एरवी दोनच ‘ग’ लिहितात. तो ओळीच्या टोकाला तुटला की गिळलेला तिसरा ‘ग’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येतो.