तात्पर्य नसलेल्या गोष्टी

"मोळी दिली ना उचलून, मग आंघोळ कशाला?" नौपाड्यातल्या घरी नऊ वर्षांच्या भाचीने परवा मला अडवलं. समोर 'श्यामची आई' उघडी होती. मोळी उचलता येईना म्हणून खोळंबलेली महार समाजातली म्हातारी. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. माझ्या लहानपणी ते वाक्य नुसतं कानावरून गेलं होतं.

मुलांच्या गोष्टींत अवघड विषय हल्ली शिरले, असं पालक म्हणतात तेव्हा मला भोपळ्यातली म्हातारी आठवते. लेकीकडे निघालेल्या त्या जिवाला वाटेत भेटेल तो खायलाच बसलेला. काऊचं घर वाहून जातं आणि चिऊ दार उघडत नाही. खरं तर भयंकर आहे हे! पण आजीच्या मांडीवर ऐकताना भीती तिच्या पदरात विरायची.

छापील पुस्तकाला पदर नव्हता. 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती आली. त्याच साली 'बाळमित्र'ही आलं, मूळ फ्रेंच पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरावरून केलेलं. इसापाचा लांडगा निष्पाप कोकराला खातो. मराठीत अशा गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहायची रीतच पडली. तात्पर्य म्हणजे डब्याचं झाकण. ते बसलं की कोकराबद्दल काही विचारायचं नाही. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये मुलांसाठी मासिक काढलं, त्याचं नावच 'बालबोध'. आमच्या ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, तो काळ हाच.

झाकण हललं ते 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. तिथे साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. कर्ज, सावकाराच्या माणसाने घरी येऊन केलेला अपमान, धाकट्या भावाचं जाणं, शेवटी आईचं. बोध तिच्यातही भरपूर आहे, कधीकधी जरा जास्तच. पण दुःख त्याहून जड आहे, आणि सांगणारा स्वतःच रडतो.

पुढे माधुरी पुरंदऱ्यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत तात्पर्य उरलंच नाही.

भाचीला मी शिवाशीव म्हणजे काय ते जमेल तसं सांगितलं.

"पण आई तर चांगली होती ना?"

"होती."

"मग?"

पोळ्या लाटता लाटता बहीण आतून म्हणाली, "सांग ना रे, गप्प का?"