थर कागदावरचे आणि कर्नलमधले

नेटवर्किंग शिकायला बसलं की आधी ओएसआयचे, म्हणजे संगणकांमधल्या संवादाचं काम वाटून देणाऱ्या आराखड्याचे, सात थर पाठ करावे लागतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ते मानक १९८४ चं. इंटरनेट ज्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संवादाच्या नियमांवर, चालतं ते टीसीपी/आयपी त्याआधीच रुळलं होतं. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटने जुना एनसीपी प्रोटोकॉल सोडून ते स्वीकारलं, आणि त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत ते सॉकेटसह (प्रोग्रामला नेटवर्क वापरू देणारी सोय) विद्यापीठांत पोहोचलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेच्या पैशातून बीबीएन कंपनीने लिहिलेला कोड बिल जॉय यांनी तिथे बराचसा नव्याने लिहून काढला होता.

खरी अडचण त्याच्याही आधी ओळखली गेली होती. एमआयटीचे डेव्हिड क्लार्क यांनी जुलै १९८२ मध्येच आरएफसी ८१७ या इंटरनेटविषयक टिपणात बजावलं होतं की प्रोटोकॉलचे थर जसेच्या तसे कोडमध्ये उतरवले, तर वेग मार खातो. प्रत्येक थराला आपलं हेडर, म्हणजे पत्ता वगैरे माहितीची पट्टी, डेटाच्या पुढे जोडायचं असतं. त्यासाठी दर वेळी सगळा डेटा नव्या जागी कॉपी करत बसलं, तर प्रोसेसरचा वेळ त्यातच जातो.

बीएसडीचं उत्तर म्हणजे एमबफ. १२८ बाइटचे छोटे तुकडे, एकाला एक साखळीने जोडलेले. डेटा आहे तिथेच राहतो आणि हेडरचा तुकडा साखळीच्या पुढे लागतो. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ‘टीसीपीआयपीएचडीआर’ (एचडीआर म्हणजे हेडर) हे स्ट्रक्चर, कोडमधली माहितीची मांडणी. नावाप्रमाणेच दोन्ही थरांची हेडरं त्यात एकत्र आहेत. टीसीपीच्या चेकसममध्ये, म्हणजे डेटा वाटेत बिघडला नाही ना हे तपासणाऱ्या बेरजेत, आयपीचे पत्तेही धरावे लागतात, त्यामुळे टीसीपीचा कोड आयपीच्या हेडरमध्ये सरळ हात घालतो. थरांची शिस्त इथे मोडते. ती जाणूनबुजून मोडली आहे, आणि माझ्या मते योग्यच केलं.

शिस्त पाळून पाहिली ती एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने. तिथल्या डेनिस रिची यांच्या स्ट्रीम्समध्ये प्रत्येक थर वेगळं मॉड्यूल होता आणि मॉड्यूल एकमेकांना निरोप देत. रचना देखणी, पण निरोपांच्या त्या देवघेवीची किंमत मोजावी लागे. स्ट्रीम्सवर उभ्या असलेल्या सन कंपनीच्या सोलारिस युनिक्सने अखेर २००५ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, टीसीपी आणि आयपी एकाच मॉड्यूलमध्ये विलीन केले.

लिनक्सने आपला स्टॅक, म्हणजे या थरांचा सगळा कोड, स्वतंत्रपणे लिहिला. सुरुवात रॉस बायरो यांनी केली, मग फ्रेड व्हॅन केम्पेन आणि अ‍ॅलन कॉक्स यांनी काम पुढे नेलं. त्यातला ‘एसके-बफ’ हा पॅकेट (डेटाचा एकेक गठ्ठा) ठेवायचा बफर आजही कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आहे. बफरच्या सुरुवातीला जागा मोकळी सोडतात. पॅकेट खाली उतरताना प्रत्येक थर ‘डेटा’ हा पॉइंटर, म्हणजे डेटा कुठे सुरू होतो ते दाखवणारी खूण, मागे सरकवतो आणि त्या जागेत आपलं हेडर लिहितो. आलेलं पॅकेट वर चढताना तोच पॉइंटर पुढे सरकतो. डेटा हलत नाही.

पुढे प्रत्येक पॅकेटसाठी एसके-बफ तयार करण्याचा खर्चही जड वाटू लागला. २०१६ मध्ये लिनक्स ४.८ मध्ये एक्सडीपी ही सोय आली. त्यात एसके-बफ तयार होण्याआधी, नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्येच एक छोटा प्रोग्राम चालतो आणि पॅकेट टाकून द्यायचं, परत पाठवायचं की वर जाऊ द्यायचं, हे तिथेच ठरवतो.