गुदाशयामागची गोफण

गुदद्वाराशी दुखू लागले की बहुतेक जण मूळव्याधीचे निदान स्वतःच करून मोकळे होतात. वस्तुतः आतल्या मूळव्याधीतून रक्त जाते, पण ती सहसा दुखत नाही, कारण गुदमार्गातील दंतुर रेषेच्या, म्हणजे आतले अस्तर आणि खालची त्वचा यांच्यामधल्या सीमेच्या, वरच्या अस्तराला त्वचेसारखी वेदना जाणवत नाही. मग खोल आत महिनोन्‌महिने ठसठसणारे, बसल्यावर वाढणारे आणि आडवे होताच उतरणारे दुखणे कशाचे? दुर्बिणीतून काहीच सापडले नाही, तर ते पुष्कळदा ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंचे असते. लेव्हेटर अ‍ॅनाय हे या स्नायूंचे नाव.

त्यांतला प्युबोरेक्टॅलिस हा भाग विलक्षण आहे. समोरच्या जघनास्थीपासून निघून तो गुदाशयाच्या मागून वळसा घेतो आणि पुन्हा जघनास्थीलाच येऊन मिळतो. गोफणीत जिथे दगड बसतो, तिथे गुदाशय आणि गुदमार्ग यांचा सांधा अडकलेला असतो, आणि गोफण पुढे ओढलेली असल्याने त्या नळीला सुमारे ९० अंशांचा बाक येतो. दंडाचा स्नायू झोपेत सैल पडतो, हा मात्र तेव्हाही थोडा आवळलेलाच राहतो. शौचाच्या वेळी तो ढिला पडला की बाक उलगडतो आणि वाट मोकळी होते. काही जणांत तो ऐन कुंथताना उलट आवळतो. असा सतत ताठरलेला स्नायू ठणकू लागतो, असे मानले जाते.

डॉक्टर बोटाने ही गोफण मागे, माकडहाडाकडे, हलकेच ओढून पाहतात. नेमके तिथेच दुखले, तर लेव्हेटर सिंड्रोमचा, म्हणजे याच स्नायूंच्या दुखण्याचा, संशय बळावतो. पचनमार्गाच्या अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६च्या रोम निकषांनुसार यातली कळ किमान अर्धा तास टिकते. काही सेकंदांत किंवा मिनिटांत येऊन जाणारी तीव्र कळ हा वेगळा विकार आहे. रक्तस्राव किंवा वजनातली घट असेल, तर मात्र आधी इतर आजार तपासायला हवेत.

‘मुळापासून’ बरे करणाऱ्या जाहिरातींतील चूर्णांना या स्नायूचा पत्ताही नसतो. केगेल व्यायामाचा सरसकट सल्लाही इथे उलटू शकतो, कारण आधीच आवळलेल्याला आणखी आवळायला शिकवून काय साधणार? बायोफीडबॅकमध्ये गुदमार्गात बारीक संवेदक ठेवतात, स्नायूचा ताण पडद्यावर रेषेच्या रूपाने दिसतो, आणि ती रेष खाली आणता आणता रुग्ण सैल सोडणे शिकतो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, गोफण ओढल्यावर दुखणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांना या उपचाराने पुरेसा आराम पडला. विद्युत-उत्तेजनाने ४५, तर मालिशीने अवघ्या २२ टक्क्यांना. ओढूनही न दुखणाऱ्यांना मात्र तिन्हींपैकी कशाचाच फारसा उपयोग झाला नाही, त्यामुळे ती बोटाची साधी तपासणी टाळून थेट उपचारांकडे वळणे चुकीचे ठरते.