श्रद्धेला पुरावा मागावा का? साताऱ्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनावर घडलेल्या या माणसाने 1888 मध्ये 'सुधारक' हे वृत्तपत्र काढले आणि रूढी पाळणाऱ्यांना एकच प्रश्न सतत विचारला: हे खरे, असे तुम्ही कशावरून मानता? 'वाडवडील मानत आले' एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे.

तिकडे इंग्लंडमध्ये 1877 साली गणितज्ञ क्लिफर्ड यांनी अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे नैतिकदृष्ट्याच चूक ठरवले होते. 1896 मध्ये अमेरिकेतून तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी उत्तर दिले: पुराव्याने निकाल लागत नाही आणि निवड टाळताही येत नाही, अशा मोठ्या प्रश्नात श्रद्धा ठेवण्याचा माणसाला हक्क आहे.

आपल्याकडे हा तिढा दोन सातारकरांनी एकाच व्यासपीठावर मांडला. डॉ. श्रीराम लागू (जन्म 1927) आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर (जन्म 1945) 'विवेकजागर' या जाहीर वादसंवादात समोरासमोर बसत. लागूंचे म्हणणे, देव ही कल्पनाच आता निवृत्त करावी. 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे दाभोलकर म्हणत, समिती देवाधर्माबाबत तटस्थ आहे. तिचा विरोध शोषणाला आहे. एकाच चळवळीतली माणसे भर सभेत मतभेद मांडतात, हे मला फार मोलाचे वाटते.

दाभोलकरांची भूमिका मला अधिक पटते. अंगाऱ्याने आजार बरा होतो, हा दावा तपासता येतो, म्हणून तो तपासलाच पाहिजे. संकटात कुणी विठ्ठलाचे नाव घेतले, तर तिथे तपासण्यासारखा दावाच नसतो. नवसाने मुले होत नाहीत, हे तर तुकोबांनीही बजावले आहे.

श्रद्धावानांचा आक्षेप मात्र वजनदार होता: श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, हे सरकारने ठरवायचे? जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षे रखडले त्यामागे ही भीती होती. वारकऱ्यांचीही हरकत होती. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्यात कुणी काय मानावे याबद्दल काही नाही. गुन्हा ठरणारी कृत्ये अनुसूचीत दिली आहेत, आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच नमूद आहे.